मामाच्या नावापुढे निरंक

माझा सुधाकरमामा नगरसेवक होता आणि निवडून आल्यावर बराच काळ तो सभागृहात काहीही बोलत नव्हता. हे मी राग धरून सांगत नाही. त्यातल्या तीन सभांची लेखी नोंद आमच्या घरी होती आणि ती माझ्या अक्षरात होती. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. अक्षर चांगलं असणं ही गोष्ट पुढे आयुष्यभर मला कामाला जुंपणार आहे, हे त्या वयात कळत नाही. उलट कोणी म्हणालं, 'विशाखाचं अक्षर बघा,' की आपण आणखी जपून वेलांट्या काढतो.

आमची वसाहत आग्रा रोडच्या एका अंगाला होती. दोन खोल्यांची एकसारखी घरं, वर पत्रे, पुढे हातभर ओटा. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते देवळाली कॅम्पात लष्कराच्या एका भांडारात कारकून होते. तिकडे तोफांचा सराव सुरू झाला की इकडे मांडणीवरची स्टीलची ताटं किणकिणायची. आई भाकरी थापता थापता म्हणायची, "तुमचं ऑफिस उघडलं." अण्णा म्हणायचे, "तोफा आमच्याकडे नसतात. आमच्याकडे घोंगड्या असतात." हे बोलणं मी लहानपणापासून ऐकत आले आणि दोघांपैकी कोणी त्यावर कधी हसल्याचं मला आठवत नाही. दुपारी तोफा थांबल्या की शेजवळकाकांचा ट्रम्पेट सुरू व्हायचा. काका लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचे आणि लग्नसराई नसली तरी सराव मोडायचे नाहीत. अडचण एवढीच होती की ते एका गाण्याचं पहिलं कडवं वाजवून थांबत आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. त्या गाण्याचं दुसरं कडवं मी लग्नानंतर सासरी, रेडिओवर ऐकलं.

आई सायखेड्याची. द्राक्षांच्या हंगामात ती पिंपळगावच्या पॅकहाउसला जायची. घड हातात धरायचा, उजेडात फिरवायचा, डागी मणी बारीक कात्रीने काढून टाकायचा आणि घड खोक्यात ठेवायचा, हे तिचं काम. तिच्या हाताखालून गेलेल्या खोक्यात कोणाला डागी मणी सापडला नाही असं तिची मुकादमीण सांगायची. हंगाम संपला तरी तिची ती नजर संपायची नाही. घरी पाहुणा आला की ती त्यालाही उजेडात फिरवून बघतेय असं वाटायचं. तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असलेला तिचा भाऊ, म्हणजे सुधाकरमामा, शिकायला म्हणून आमच्याकडे आला, आयटीआय झाला, कारखान्यात फिटर म्हणून लागला आणि दोन गल्ल्या सोडून राहायला गेला. त्याचं लग्न झालं तरी रविवारचं जेवण आमच्याकडेच. सुके बोंबील चुलीवर भाजून त्यांचं लसूण आणि लाल मिरची घालून कालवण, बाजरीची भाकरी आणि कांदा. मामी म्हणायची, "मी केलेलं त्यांना चालतच नाय." आई म्हणायची, "चालतं गं. रविवारी फुकट चालतं." मामा मान खाली घालून जेवत राहायचा.

वसाहतीची एक समिती होती. दर गल्लीतून एक पुरुष आणि एक बाई. रविवारी सकाळी विहारात वंदना झाली की तिथेच सतरंजीवर समिती बसायची. नळ, गटार, दिवे, जातीचे दाखले, कोणाचं रेशनकार्ड अडलं, कोणाच्या मुलीला शाळेतून परत पाठवलं, असं सगळं तिथे यायचं. शेजवळकाका अध्यक्ष होते. त्यांनाच का केलं असं विचारलं की लोक सांगायचे, त्यांचा आवाज सगळ्यांना ऐकू जातो. अध्यक्षाकडून आमची अपेक्षा तेव्हा एवढीच होती. पण समिती गमतीची नव्हती. आमचा वॉर्ड आमच्या समाजासाठी राखीव झाला, तेव्हा उमेदवार कोण हे कोणत्याही पक्षाच्या आधी समितीने ठरवलं होतं आणि तो सुधाकरमामा होता. कारण मामा बोलायचा. जयंतीच्या दिवशी विहारापुढच्या मांडवात मामा बोलायला उभा राहिला की भजी तळणारी माणसं झारा बाजूला ठेवून ऐकायची. आमच्यातला एक माणूस त्या मोठ्या इमारतीत जाऊन असं बोलेल, या विचाराने त्या वर्षी लोकांनी घरचं काम असल्यासारखा प्रचार केला. आई तर पॅकहाउसचा खाडा करून दारोदार फिरली.

निवडून आल्यावर मामाने पांढरे शर्ट शिवले आणि खिशाला दोन पेनं लावली. लोक त्याला 'भाऊ' म्हणू लागले. आई 'सुध्या' म्हणायची ती 'सुधाकर' म्हणू लागली, तेवढा तिने मान ठेवला. रविवारी तो जेवायला आला की आमच्या ओट्यावर माणसं बसलेली असायची. कोणाचंही गाऱ्हाणं ऐकून झालं की मामा हात धुता धुता म्हणायचा, "मी बोलतो वरती." माणूस समाधानाने जायचा. वरती म्हणजे नेमकं कुठे, हे कोणी विचारत नव्हतं.

मग दवाखान्याचं निघालं. आमच्या वसाहतीच्या टोकाला महापालिकेचा दोन खोल्यांचा दवाखाना होता. आठवड्यातून तीन दिवस डॉक्टर यायचे, बाकीचे दिवस नर्सबाई आणि एक कंपाउंडर. तिथे भिंतीला औषधाचा आणि ओल्या चुन्याचा वास यायचा. आम्ही सगळी मुलं तिथेच लस टोचून घेऊन मोठी झालो. एके दिवशी नर्सबाईंनीच बायकांना सांगितलं की हा दवाखाना रस्त्यापलीकडच्या मोठ्या रुग्णालयात विलीन करायचा असा विषय सभेपुढे येणार आहे. कागदावर ते अंतर काहीच नव्हतं. पण मधे हायवे होता. तेव्हा तिथे उड्डाणपूल नव्हता, सिग्नलही नव्हता. कांद्याचे ट्रक एकामागून एक यायचे आणि पलीकडे जायला माणसं घोळका जमेपर्यंत थांबायची. आमच्या गल्लीत गयाबाई म्हणून होत्या, एकट्या राहायच्या, त्यांना दम्याचा त्रास होता. त्या म्हणाल्या, "रस्ता वलांडायचा दम असला, तर मी दवाखान्यात कशाला जाऊ?"

त्या रविवारी आईने मामाला ताटावरच विचारलं.

"दवाखान्याचं काय?"

"बोललोय मी," मामा म्हणाला. "मागच्याच सभेत बोललो. लय कडक बोललो. सगळे गप."

"काय बोललास?"

"हेच. दवाखाना हलणार नाय."

"कोणत्या शब्दात?"

मामाने भाकरी मागितली. आईने भाकरी वाढली, पण वाढताना त्याच्याकडे बघत राहिली. मला ती नजर माहीत होती.

पुढच्या रविवारी समितीत आई उभी राहिली. ती सहसा बसूनच बोलायची. म्हणाली, "आपण ह्याला तिथं बोलायला पाठवलं. बरोबर? मग तिथं जाऊन कोणी ऐकलं का?" कोणीच ऐकलं नव्हतं. तिथे ऐकायला जाता येतं हेही बहुतेकांना माहीत नव्हतं. अण्णांना माहीत होतं. अण्णांना नियम माहीत असायचे, ते वापरावे लागतील असं मात्र त्यांना कधी वाटायचं नाही. त्यांनी सांगितलं की सभागृहाला प्रेक्षक गॅलरी असते, तिथे कोणीही नागरिक बसू शकतो, फक्त पास लागतो आणि पासावर एखाद्या नगरसेवकाची सही लागते. अशा रीतीने आमच्या पहिल्या दोन पासांवर सुधाकरमामानेच सही केली. भाचीला आणि बहिणीला सभागृह बघायचंय म्हणून तो खूशही झाला. दुसऱ्या पेनाने त्याने तारीख टाकली.

अण्णांनी मला वही आखून दिली. पाच रकाने. अनुक्रमांक, वेळ, विषय, इतर सदस्य काय म्हणाले, आपले सदस्य काय म्हणाले. वही देताना त्यांनी एकच सूचना केली. "रकाना रिकामा ठेवायचा नाही. रिकामा रकाना म्हणजे लिहिणाऱ्याने काम केलं नाही. काही नसेल तर 'निरंक' लिहायचं." पुढे मी स्वतः सरकारी कचेरीत लागले आणि हा शब्द हजारो वेळा लिहिला. आता निवृत्तीला थोडीच वर्षं राहिली आहेत. पण तो शब्द लिहिताना हात थोडा जड व्हायचा तो पहिल्या तीन सभांपुरताच.

गॅलरीत लाकडी बाकं होती आणि एक पंखा होता, जो फक्त सुरक्षारक्षकावर वारा घालायचा. आईने फडक्यात भाकरी बांधून आणली होती. तिथे खायला परवानगी नव्हती, म्हणून तिने ती चार तास मांडीवर धरून ठेवली. खाली सभागृहात मामा मागून दुसऱ्या ओळीत बसला होता. वरून त्याचा भांग दिसत होता. विषय पुकारले जात, कोणी भांडे, कोणी कागद हवेत धरे, मग 'मंजूर, मंजूर' असा आवाज होई. मी लिहीत होते. मामाने एकदा पेन काढलं तेव्हा आईने माझ्या कोपराला हात लावला. त्याने पेनाचं टोपण तपासलं आणि ते परत खिशाला लावलं. घरी येताना बसमध्ये आम्ही दोघींनी ती भाकरी खाल्ली. दुसऱ्या सभेला आम्ही पुन्हा गेलो, तिसऱ्याही. पासावर सही करताना तिसऱ्या वेळी मामाने विचारलं, "सारखं काय बघताय तिथं?" आई म्हणाली, "तुला."

तीन सभा झाल्यावर समितीने ठरवलं की वही विहारात वाचायची. मामाला पहिल्या ओळीत खुर्ची दिली होती. वंदना झाली आणि मी उभी राहिले. विहार भरलेला होता. मी वाचलं, "अकरा वाजून वीस मिनिटं. आपले सदस्य आले. बसले. विषय, रस्त्यांची डागडुजी. इतर सदस्य, चौघे बोलले. आपले सदस्य काय म्हणाले, निरंक. अकरा पन्नास. विषय, पाणीपुरवठा. इतर सदस्य, सात जण बोलले. आपले सदस्य काय म्हणाले, निरंक. बारा दहा. चहा आला. आपले सदस्य काय म्हणाले, शिपायाला, साखर कमी." हे आईने वरून त्याच्या बोटांच्या खुणेवरून ओळखलं होतं. अण्णांनी या नोंदीवर विचार करून ती कंसात टाकली होती, कारण ती सभागृहाला उद्देशून नव्हती. पहिल्या सभेला लोक थोडे हसले. दुसऱ्या सभेला हसणं थांबलं. तिसरी सभा वाचायला लागले तेव्हा विहारात फक्त माझा आवाज होता. मला खरं सांगायचं तर आधी छान वाटत होतं. एवढी माणसं गप्प बसून मी लिहिलेलं ऐकत होती. मग मामाच्या कानांकडे माझं लक्ष गेलं. ते लाल झाले होते. लहानपणी मला याच माणसाने सायकल शिकवली होती आणि पडले तेव्हा कुठे कुठे खरचटलं ते बघून 'काही नाय, कातडं हाय, येतं परत' म्हणाला होता. मी वाचायची थांबले नाही. थांबावंसं वाटलं, एवढंच लिहून ठेवते.

संपल्यावर मामा उठला. "घरच्याच माणसांनी," एवढंच म्हणाला आणि चप्पल घालून गेला. वाक्य पूर्ण केलं नाही. मागून कोणीतरी म्हणालं की हेही निरंकच धरायचं का. शेजवळकाकांनी त्या माणसाकडे असं बघितलं की तो आपला आपण बाहेर जाऊन बसला.

दोन रविवार मामा जेवायला आला नाही. आईने बोंबील आणले, केले आणि एक वाटी गयाबाईंकडे पाठवली. तिसऱ्या आठवड्यात तो एका दुपारी आला. अण्णा कामावर होते. तोफा चालू होत्या. आई तांदूळ निवडत होती, मी तिथेच पुस्तक घेऊन बसले होते. मी उठायला लागले तर मामा म्हणाला, "बस. तूच लिहितेस ना. बस." मग पाणी पिऊन त्याने सांगायला सुरुवात केली.

"पहिल्याच सभेत उठलो होतो, ताई. तुम्ही तेव्हा गॅलरीत येत नव्हतात. पाण्याचा विषय होता. मी म्हणालो, आमच्याकडं नळाला लय कमी पाणी येतं. तर मागून एक जण म्हणाला, 'लय?' दुसरा म्हणाला, 'लय कमी का लय लय कमी?' हसले. समोर व्यासपीठावर बसलेले पण हसले. मी तरी उभा होतो. मग माझ्या शेजारचा म्हणाला, 'बसा हो राखीववाले, शिकाल हळूहळू.' प्रेमानं म्हणाला. नंतर त्यानंच मला चहा पाजला." मामाने रिकामा पेला खाली ठेवला. "मांडवात बोलतो तेव्हा समोर आपली माणसं असतात. तिथं त्या दिवसापासून तोंड उघडायच्या आधी मी मनात शब्द तपासतो. तपासून होईतो विषय मंजूर होतो."

आई तांदूळ निवडत राहिली. एक खडा बाजूला टाकला. मग म्हणाली, "हे समितीत का नाय सांगितलंस?"

"काय सांगू? तुमचा वक्ता 'लय' म्हणाला म्हणून खाली बसला?"

"हां. असंच सांगायचं. ते हसले त्याचा राग मला येईल, सावकाश येईल. आधी तुझा येतोय. माझ्या ताटावर बसून मला म्हणालास, कडक बोललो." तिने सूप खाली ठेवलं. "तुला एकट्याला पाठवलं नव्हतं, सुध्या. चिठ्ठीवर नाव तुझं एक होतं, एवढंच."

तिने त्याला पुन्हा 'सुध्या' म्हटलेलं मी कित्येक महिन्यांनी ऐकलं. मामा रडला नाही. आमच्याकडे कोणी रडत नसे. त्याने सूप ओढून घेतलं आणि तांदूळ निवडायला लागला.

रविवारी त्याने विहारात उभं राहून हेच सगळं सांगितलं, शेजारच्याने पाजलेल्या चहासकट. लोकांनी ऐकून घेतलं. रागावलेही. एक जण म्हणाला, आपण मोर्चा काढू. दुसरा म्हणाला, आपण उमेदवार बदलू, पण निवडणूक लांब होती. शेजवळकाका म्हणाले, "हसले म्हणजे बोलणं त्यांना कळलं. न कळलेल्याला कोणी हसत नाय." मग ठरलं की दवाखान्याचा विषय ज्या दिवशी येईल त्या दिवशी गॅलरीत दोघीच नाही, जमतील तेवढ्यांनी बसायचं. घोषणा नाही, फलक नाही. नुसतं बसायचं, म्हणजे मामाला समोर आपली माणसं दिसतील.

एका नगरसेवकाला दोनच पास देता येत. म्हणून आम्ही आठवडाभर नगरसेवकांची दारं वाजवत फिरलो. बहुतेकांनी दिले. आपल्या सहीने कोणी सभा बघायला येतंय याचं त्यांना बरंच वाटत होतं. 'राखीववाले' म्हणणाऱ्या गृहस्थांकडे आई मला घेऊन स्वतः गेली. त्यांनी उठून आईला खुर्ची दिली. चहा मागवला. "आपल्या सुधाकररावांना जरा बोलायला सांगा," ते म्हणाले. "फार शांत माणूस." आईने चहा संपवला, दोन पास घेतले, घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवले. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाली, "साखर जास्त होती."

मी मामासाठी भाषण लिहून दिलं. त्यात 'सदर दवाखाना' असं तीन वेळा होतं आणि 'जनतेच्या आरोग्याचा प्रश्न' असं दोन वेळा. मामाने ते आमच्या ओट्यावर उभं राहून वाचलं. आई म्हणाली, "हे कोण बोलतंय?" मामा म्हणाला, "विशाखा." आई म्हणाली, "मग ती निवडून येईल तेव्हा बोलेल." भाषण परत माझ्याकडे आलं. मला वाईट वाटलं होतं. ते भाषण चांगलं होतं, हे माझं मत अजून आहे.

सभेच्या दिवशी आम्ही सव्वीस जण गेलो. गयाबाई येऊ नका म्हटलं तरी आल्या. प्रत्येक पायरीवर थांबत जिना चढल्या आणि पहिल्या बाकावर बसल्या. शेजवळकाकांनी बँडचा कोट घातला होता, कारण त्यांच्याकडे तोच एक कोट होता. सुरक्षारक्षकाने त्याच्या सोनेरी बटनांकडे बघून त्यांना सलाम केला. खाली मामाने वर बघितलं, सगळ्या रांगांवरून नजर फिरवली आणि पाणी प्यायला.

विषय भराभर पुढे सरकत होते. बागांमध्ये बसायची बाकं घेण्याचा विषय पुकारला गेला आणि मामा उठून उभा राहिला. "माझा विरोध हाय," तो म्हणाला.

कोणीतरी विचारलं, "बाकांना?"

मामाने हातातला विषयांचा कागद बघितला. वर गॅलरीत आईने डोळे मिटून घेतले. मामा म्हणाला, "बाकांना नाय. पुढच्या विषयाला. पण मी आत्ताच उठून ठेवतो."

हसले, खूप हसले. आमच्यातलेही दोघे तिघे हसले, ते मी लिहिलेलं नाही. मामा बसला नाही. बाकांचा विषय चर्चेला आला, लाकडी की सिमेंटची यावर दोन बाजू पडल्या, सिमेंटची मंजूर झाली, आणि तेवढा सगळा वेळ मामा उभाच होता. त्याचा एक हात बाकाच्या कडेवर घट्ट होता. मग दवाखान्याचा विषय पुकारला गेला आणि 'मंजूर' असा आवाज उठायच्या आधी मामा बोलला.

"आमचा दवाखाना लय लहान हाय," तो म्हणाला.

मागून आवाज आला, "लय?"

"हो. लय. लिहून घ्या," मामा म्हणाला. "दोन खोल्या हायेत. तीन दिवस डॉक्टर येतो. पण तो रस्त्याच्या अलीकडं हाय. तुम्ही तो पलीकडं नेताय. त्या रस्त्यानं आमची बाई पोटुशी असताना जाणार, पोरगं तापलेलं असताना जाणार. आमच्या गयाबाईंना दमा हाय. त्या विचारतात, रस्ता वलांडायचा दम असला तर मी दवाखान्यात कशाला जाऊ. मला उत्तर येत नाय. तुमच्यापैकी कोणाला येत असलं तर त्या वर बसल्यात, त्यांना सांगा."

सगळ्यांनी मान वर केली. गयाबाईंना वाटलं आपली ओळख करून दिली आहे, म्हणून त्यांनी बसल्या जागेवरून नमस्कार केला. खालून काही जणांनी नकळत उलट नमस्कार केला. थोडा वेळ कागद चाळल्याचे आवाज झाले, दोन सदस्य उठून म्हणाले की जागा बघितल्याशिवाय निर्णय नको, त्यात ते 'राखीववाले' म्हणणारे गृहस्थ एक होते, आणि विषय तहकूब झाला. मामा तरी उभा होता. शेजारच्याने त्याच्या शर्टाला हात लावून सांगितलं, तेव्हा तो बसला. माझा पाचवा रकाना पुरला नाही. मी चौथ्यात लिहिलं, मग समासात लिहिलं. अण्णा नियमाने वागणारे होते, पण त्या पानावर त्यांनी काही हरकत घेतली नाही. घोंगड्यांच्या वहीत असं चाललं नसतं, एवढं मात्र म्हणाले.

पुढे काय झालं ते सांगून टाकते. जागा बघायला अधिकारी आले आणि समितीने त्यांना आधी रस्ता ओलांडून दाखवायची विनंती केली. ते बराच वेळ कडेला थांबले. दवाखाना हलला नाही. डॉक्टरांचे तीन दिवस मात्र दोन झाले आणि ते परत तीन करून घ्यायला समितीला वेगळं भांडावं लागलं. मामा नंतर बऱ्याच सभांत बोलला. काही वेळा चांगलं बोलला, काही वेळा त्याला न कळणाऱ्या विषयावरही बोलला, तेही वहीत आहे. पुढच्या निवडणुकीत आमच्या वॉर्डाचं आरक्षण बदललं, मामा कारखान्यात परत गेला आणि पांढरे शर्ट कामावर वापरून संपवले. अलीकडे काही वर्षं महापालिकेत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते, तेव्हा वसाहतीतल्या मुलींनी मला विचारलं होतं की आता वहीत कोणाचं नाव लिहायचं. मी म्हटलं, जो खुर्चीवर असेल त्याचं लिहा.

पण मला मनापासून आठवतो तो त्या सभेनंतरचा रविवार. विहारात आधीपेक्षा जास्त माणसं होती. मामा खुर्ची सोडून सतरंजीवर बसला होता. मी समासासकट सगळं वाचलं, बाकांचा विरोधही वाचला. मामाचे कान पुन्हा लाल झाले होते, पण यावेळी तो कुठे गेला नाही. मला वाटलं आता टाळ्या होतील.

गयाबाई म्हणाल्या, "झालं वाचून?"

"झालं."

"दवाखाना राहिला का मग?"

"तहकूब झालाय. म्हणजे पुढच्या सभेत ठरेल."

"मग पुढच्या सभेला कोण कोण येतंय ते लिही," गयाबाई म्हणाल्या. "माझं पहिलं लिही."

मी पान उलटलं. हात वर होत होते, मी नावं लिहीत होते. मधेच बघते तर मामानेही हात वर केला होता. शेजवळकाका म्हणाले, "भाऊ, तुम्ही हात खाली घ्या. तुम्हाला जावंच लागतं."

मामाने हात खाली घेतला.